कागदावर नसलेला स्वल्पविराम

ऑफिसात त्यांना सगळे ‘बाई’ म्हणत, शाळेतल्यासारखं. आणि त्या खोलीबाहेर पडल्या की ‘वेलांटी’. हे दुसरं नाव आपल्या कानावर आलेलंच नाही असं बाई दाखवत, पण मनातून त्यांना ते आवडायचं. चुकीची वेलांटी दिसली की घासात खडा लागावा तसं त्यांना व्हायचं, त्याला त्या तरी काय करणार?

कंपनी जनावरांच्या डॉक्टरांसाठी सॉफ्टवेअर बनवायची. कुठलं जनावर कधी आलं, त्याला काय झालं होतं, कोणती लस दिली, पुढची कधी द्यायची, हे सगळं दवाखान्यातल्या माणसाला त्यात नोंदवता यायचं. ते कसं वापरायचं याची पुस्तिका प्रोग्रामर मंडळीच घाईघाईत खरडत आणि मग ती बाईंच्या टेबलावर येऊन पडे. ‘मालकाने कुत्र्याला आणल्यावर त्याचे वजन करून त्याला पिंजऱ्यात ठेवावे’ असं वाक्य एकदा आलं होतं. बाईंनी समासात लिहिलं, ‘कोणाला? मालक तयार होईल का?’ ते पान कोणीतरी चहाच्या यंत्राशेजारी चिकटवलं, आणि भिंतीला दोनदा रंग लागला तरी ते काढून पुन्हा तिथंच लावलं गेलं.

बाईंच्या शेजारच्या टेबलावर वर्षभरापूर्वी एकजण आला. आधी प्रोग्रामर होता, पण स्वतःहून मागून घेऊन पुस्तिकेच्या कामावर आला. पस्तिशीचा, उंच, सदा खाली बघणारा. बोलायचा जेमतेम. ‘हो’, ‘नाही’, ‘बघतो’, झालं. मीटिंगमध्ये त्याची पाळी आली की लॅपटॉप सगळ्यांकडे वळवायचा आणि लिहिलेलं बोटानं दाखवायचा. बाईंना हा उद्धटपणा वाटे. मात्र वाक्यं तोडण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. बाईंचं एक लांबलचक वाक्य घ्यायचा आणि त्याची चार करून ठेवायचा. ऑफिसनं त्याला पहिल्याच महिन्यात ‘कात्री’ हे नाव बहाल केलं.

बाईंनी लिहिलं होतं: ‘प्राण्याची नोंद यापूर्वी झालेली असल्यास, ती शोधून, तिच्यातील मालकाचा पत्ता व दूरध्वनी क्रमांक तपासून, आवश्यक असल्यास तो दुरुस्त करून, मगच नवीन भेटीची नोंद करावी.’

कात्रीनं केलं: ‘आधी जुनी नोंद शोधा. पत्ता आणि फोन तपासा. चुकला असेल तर बदला. मग नवी भेट नोंदवा.’

“ही काय कवायत चाललीय?” बाई म्हणाल्या. “शोधा, तपासा, बदला! समोर शिकलेला डॉक्टर बसलाय. ‘करावे’ म्हणायला काय जातं आपलं?”

“घाईत असतो,” कात्री म्हणाला.

“कोण?”

“डॉक्टर.”

एवढं बोलून त्यानं मान खाली घातली. संध्याकाळी बाईंनी आपलं वाक्य परत बसवलं. सकाळी त्यानं ते परत तोडलं. असं कितीतरी पानांवर झालं. मॅनेजरबाई एकदा वैतागून म्हणाल्या, “तुम्ही दोघं मिळून पुस्तिका पुढे नेताय की झोपाळा खेळताय?” त्या दिवशी बाईंचं डोकं फिरलं. समासात, सगळ्या टीमला दिसेल अशा ठिकाणी, त्यांनी शेरा मारला: ‘वाक्य पूर्ण करायला दम लागतो. तो ज्याच्याकडे नसेल, त्याने या कामात पडू नये.’

कात्रीनं तो वाचला. उत्तर दिलं नाही, खोडलाही नाही. मात्र त्यानंतर त्यानं बाईंच्या पानांना हात लावणंच सोडलं. आपण जिंकलो असं बाईंना वाटलं. पण त्या जिंकण्याला काही चव नव्हती.

पुढच्या आठवड्यात लसीकरणाचं प्रकरण आलं. कात्रीनं लिहिलेलं, बाईंनी तपासायचं. तिसऱ्याच ओळीत ‘लस’ या शब्दापुढे बाईंना एक आगंतुक स्वल्पविराम दिसला. ‘काढा,’ त्यांनी समासात लिहिलं. पलीकडून उत्तर आलं, ‘नाही.’ बाईंचा पारा चढला. ‘नाही म्हणजे? काढणार नाही?’ उत्तर आलं, ‘नाही म्हणजे, तिथे नाही.’

बाई खुर्चीतच वळल्या. “इकडे या. हा काय आहे मग?” त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं. “हा बघा... अरे, आता इथे आला. सरकतो कसा हा?”

कात्री वाकून पडद्याकडे बघत राहिला. मग त्यानं बाईंच्या तोंडाकडे बघितलं, बहुधा पहिल्यांदाच.

“उजेड चमकतो?” त्यानं विचारलं. “कडेला?”

चमकत होता. परवापासून बाजूनं कोणीतरी फोटो काढल्यासारखा लख्खकन उजेड पडायचा. ट्यूबलाइट बिघडलीय म्हणून बाईंनी तक्रारही केली होती. सकाळपासून तर एका डोळ्याच्या कोपऱ्यात सावली धरली होती, अर्धवट ओढलेल्या पडद्यासारखी. चष्मा पुसून पुसून त्या दमल्या होत्या.

“चला,” कात्री म्हणाला. त्यानं बाईंची पर्सही उचलली होती.

“कुठे? माझं पान अर्धं...”

“चला, बाई.”

त्या आवाजात असं काहीतरी होतं की बाई उठल्या.

डोळ्यांच्या दवाखान्यात बाकं माणसांनी भरली होती. काउंटरवरची मुलगी वर न बघता म्हणाली, “नंबर घ्या, बसा.” कात्रीनं तोंड उघडलं आणि क्षणभर त्यातून काही आलंच नाही. त्याच्या मानेची शीर तट्ट फुगली. मग एकदम शब्द बाहेर पडले: “पडदा. सुटतोय. आत्ता बघा.” इथेही कात्रीच, बाईंच्या मनात आलं. पण ती मुलगी उठून आत गेली होती.

डॉक्टरांनी थेंब घालून तपासलं. डोळ्याच्या आतला पडदा कडेनं सुटायला लागला होता. “मधल्या भागापर्यंत पोचायच्या आत आलात,” ते म्हणाले. “उद्यावर टाकलं असतं तर मला वेगळंच काहीतरी सांगावं लागलं असतं.” संध्याकाळीच ऑपरेशन ठरलं. बाईंचे मिस्टर फर्निचरच्या कारखान्यातून तसेच आले, केसांत लाकडाचा भुसा घेऊन. “तुम्हाला कळलं कसं हो?” त्यांनी कात्रीला विचारलं.

“आई,” तो म्हणाला, आणि निघून गेला.

ऑपरेशन पार पडलं. पण खरी शिक्षा पुढे होती. सुटलेला पडदा जागेवर चिकटावा म्हणून डोळ्यात गॅसचा बुडबुडा भरला होता, आणि तो नेमक्या जागी दाबून राहावा म्हणून बाईंना आठवडाभर पालथं राहायचं होतं. बसायचं तरी तोंड जमिनीकडे, झोपायचं तरी तोंड उशीकडे. वाचन बंद. “दुसरा डोळा चांगला आहे की,” बाई म्हणाल्या होत्या. “एक फिरला की दुसराही फिरतो,” डॉक्टर म्हणाले. “डोळ्यांना सुट्टी द्या.”

मिस्टरांनी कारखान्यातून एक कोरं स्टूल आणलं, त्याच्या बैठकीला करवतीनं लांबट गोल भोक पाडलं, कडेनं फोम लावून कापड ठोकलं आणि ते बाईंच्या खुर्चीसमोर ठेवलं. “ठेव त्यात तोंड. कपाळाला टोचलं तर सांग.” टोचत नव्हतं. बाईंची मोठी नणंद, गणिताची निवृत्त शिक्षिका, घर सांभाळायला आली. भावजयीचा तो अवतार बघून ती दारातच म्हणाली, “पालथ्या घड्यावर पाणी म्हणून पोरांना आयुष्यभर बोलले. पालथा घडा खरा कसा दिसतो ते आज बघितलं!”

बाईंचं जग आता भोकातून दिसेल तेवढं उरलं. राखाडी फरशी, तिच्यातली एक भेग, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय. मिस्टरांच्या भेगाळलेल्या टाचा. नणंदेच्या कर्र कर्र वाजणाऱ्या सपाता. पहिले दोन दिवस सहनशक्तीत गेले. तिसऱ्या दिवशी मात्र बाईंना रडू यायला लागलं, आणि रडायलाही बंदी.

त्या संध्याकाळी फरशीवर अनोळखी पाय आले. काळे मोजे, डाव्या अंगठ्याला भोक. अंगठा लाजून आत ओढून घेतलेला. कात्री कॉटच्या कडेवर बसला. नणंदेनं त्याच्या हातात चहा दिला, दहा प्रश्न विचारले, दहाही उत्तरं एकेका शब्दात ऐकली आणि स्वयंपाकघरात गेली.

“पुस्तिका कुठवर आली?” बाईंनी फरशीला विचारलं.

“शुक्रवारी जाणार.”

“माझी प्रकरणं कापून झाली असतील.”

“नाही. आहेत तशीच.”

“का?”

“तुम्ही नव्हता.”

बाईंनी कपाळ फोमवर नीट टेकवलं. मग त्या म्हणाल्या, “आणलीत का पानं? मग वाचा की. मला वाचायला बंदी आहे, ऐकायला नाही.”

कॉट करकरली. मग कागद सळसळले.

“प्राण्याची न... न... न...”

बाईंना वाटलं, चेष्टा करतोय. त्या मान वर करणारच होत्या, एवढ्यात त्यांना तो अंगठा दिसला. मोज्याच्या भोकातून बाहेर आला होता आणि फरशीवर दाबला जात होता. इतका, की नखाखालचं रक्त हटून तो पांढरा पडला होता. सैल व्हायचा, पुन्हा दाबला जायचा.

“नोंद!” स्वयंपाकघराच्या दारातून नणंद मदतीला धावली. “नोंद म्हणायचंय त्याला.”

अंगठा थांबला.

“ताई,” कात्री म्हणाला, “माझा शब्द मला पुरा करू द्या. वेळ ल... लागेल.”

“बरं बाबा, कर,” नणंद ओशाळून म्हणाली आणि तिथंच जमिनीवर बसली. तिचे गुडघे आता बाईंना दिसत होते.

तो वाचत गेला. ‘ती शोधून’ पर्यंत आला, थांबला, श्वास घेतला. ‘तपासून’ शी अडखळला. ‘आवश्यक’ ला तर भिंतच लागली. आणि शेवटी ‘करावी’ आलं तेव्हा बाईंच्या लक्षात आलं, की नक्की काय करायचं होतं ते आपण विसरलो.

“थांबा. कशाची नोंद करावी?”

“नव्या भेटीची.”

“मग ते एवढं शेवटी कशाला ठेवलंय?”

“तुम्ही लिहिलंय, बाई.”

नणंद फस्सकन हसली. “मला तर मालकाच्या पत्त्यातच झोप लागली होती.”

बाईही हसल्या, पण स्टुलाच्या भोकात हसणं फार वेळ टिकत नाही. “तुम्ही हे सगळं असं वाचून बघता?” त्यांनी विचारलं. “ऑफिसात?”

“मनात. ओठ न हलवता. जिथे अडतं, तिथे तोडतो.” तो जरा थांबला. “कात्री म्हणतात ते ठाऊक आहे मला.”

“मला काय म्हणतात तेही ठाऊक असेल.”

“हो.”

“सांगा बघू.”

“वे... वे... वे...”

तो शब्द बाईंच्या जिभेच्या टोकावर होता. उभा जन्म त्यांनी दुसऱ्यांची वाक्यं पुरी करण्यात घालवला होता. समोरचा चाचपडला की शब्द पुढे करायचा हा त्यांचा धर्मच. त्यांनी दातांखाली जीभ धरली आणि भेगेकडे बघत राहिल्या.

“वेलांटी,” कात्री म्हणाला.

“बरोबर,” बाई म्हणाल्या. मग घसा खाकरून, “तो शेरा. दमाचा.”

“वाचला.”

“मला हे माहीत नव्हतं.”

“सांगितलं नव्हतं.”

“माहीत नसलं तरी लिहायला नको होतं.”

चहाचा कप बशीत ठेवल्याचा आवाज झाला. मग त्यानं न विचारताच सांगितलं, तुकड्यातुकड्यानं. त्याच्या आईला भिंतीवर माशी दिसायची, नसलेली. तिला घेऊन तो असाच दवाखान्यात गेला होता. घाई आहे, हे काउंटरवर सांगायचं होतं; शब्द येईना. मागे रांग होती, लोक बघत होते. नंबर घेऊन दोघं बसून राहिले. त्या डोळ्यानं आता आईला दिसत नाही. “ती काही म्हणत नाही,” तो म्हणाला. “तिला वाटतं, नंबर होता, थांबावंच लागणार होतं.”

नणंदेचे गुडघे हलले नाहीत. बाईंनी हात लांब केला, पण तो पोचला स्टुलाच्या पायापर्यंतच. तिथंच राहिला.

“मग आज एवढं वाचलंत ते?” बाईंनी विचारलं.

“समोरचा तोंडाकडे बघायला लागला की जास्त अडतं. तुमचं तोंड फरशीकडे.” त्याच्या आवाजात पहिल्यांदाच मिश्कीलपणा होता. “असा श्रोता कुठे मिळणार?”

दुसऱ्या दिवशी तो परत आला, आणि त्यानंतर रोज संध्याकाळी. वाचायचा, अडायचा, पुढे जायचा. बाई ऐकायच्या. आपली कितीतरी वाक्यं त्यांनी स्वतःच्या तोंडानं तोडायला लावली. पण सगळीच हार त्यांची झाली असं नाही. कात्रीचं सलग एक पान ऐकल्यावर त्या म्हणाल्या, “तू हाड हाड करतोयस, कळतंय का? जनावरांचा दवाखाना असला म्हणून काय झालं!” ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं हे दोघांनाही कळलं नाही, नणंदेनं मात्र ते ऐकून फरशीवर पायानं ताल धरला.

मग ते पान आलं. जनावर मेलं तर नोंद कशी बंद करायची, याचं. कात्रीनं लिहिलं होतं: ‘प्राणी मेला? “मृत” निवडा. लसीची आठवण बंद होईल.’ तो हे वाचून पुढच्या ओळीवर गेला.

“थांब,” बाई म्हणाल्या. “हे वाचणारा कुठे असतो?”

“काउंटरवर.”

“आणि समोर कोण असतं?”

त्याला उत्तर द्यायला वेळ लागला. आणि या वेळी जीभ अडली नव्हती. “मालक.”

“रिकामा पट्टा हातात घेऊन. आणि त्या काउंटरवरच्या पोरीला आपण सांगतोय, मेला? निवडा. बंद. तीही माणूसच आहे ना? इथे घाई कोणाला आहे?”

मग त्या बोलत गेल्या आणि तो लिहीत गेला. मधेच त्यानं एक शब्द बदलला, बाईंनी दोन. शेवटी त्यानं वाचलं: “प्राणी दगावला असल्यास, मालकाला लसीची आठवण करून देणारे संदेश यापुढे जाऊ नयेत म्हणून, म... म... मृत हा पर्याय निवडावा.”

“लांब झालं का तुला?” बाईंनी विचारलं.

“झालं.” अंगठा फरशीवर सैल पडला होता. “पण राहू दे. दोन ठिकाणी टेकता येतं. आणि ‘निवडावा’च बरं आहे इथे.”

नणंदेनं पाय पोटाशी ओढून घेतले. तिच्याकडे पूर्वी मांजर होतं.

पुस्तिका शुक्रवारी गेली नाही, पुढच्या बुधवारी गेली. मॅनेजरबाई फोनवर आधी चिडल्या, मग मेलेल्या जनावराच्या नोंदीचं ते पान वाचून म्हणाल्या, “हे नक्की कोणी लिहिलं?” बाईंना प्रामाणिकपणे सांगता आलं नाही. दवाखान्यांकडून कौतुकाचं पत्र वगैरे काही आलं नाही. चांगल्या पुस्तिकेबद्दल कोणी कधी बोलत नाही. लोक वाचतात, बटण दाबतात, कामाला लागतात.

बाईंचा डोळा वाचला. मान वर करायची परवानगी मिळाली तेव्हा त्या डोळ्यासमोर पाण्यासारखं काहीतरी हिंदकळत होतं. हळूहळू ते कमी होत गेलं आणि एक दिवस नाहीसं झालं. दिसायला लागलं, पण पूर्वीसारखं नाही. दाराची सरळ चौकट त्या डोळ्याला मधे फुगीर दिसायची. ओळी वाकायच्या. अक्षराच्या डोक्यावर टिंब आहे की नाही, हे दोनदोनदा बघावं लागायचं. “सुधारेल का?” त्यांनी विचारलं. “थोडं सुधारेल,” डॉक्टर म्हणाले, “थोडं तुम्हाला सवयीचं होईल.” त्या रात्री बाई जेवल्या नाहीत. मिस्टर शेजारी येऊन बसले. म्हणाले, “चौकट सरळच आहे गं. मी स्वतः बसवलीय.” बाई त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून हसल्या आणि मग रडल्या, कारण आता रडायला परवानगी होती.

कामावर परत गेल्या तेव्हा त्यांनी मॅनेजरबाईंना जुन्या खुर्च्या ठेवायची लहान खोली मागून घेतली. खुर्च्या एकावर एक रचून भिंतीला लावल्या, मधे टेबल टाकलं. यापुढे पानं आधी ऐकायची आणि मग बघायची, असं त्यांनी कात्रीला सांगितलं. बाहेर कोणीतरी म्हणालं, “शाळा भरली.” भरू दे.

कात्री समोर बसला. नव्या पुस्तिकेचं पहिलं पान हातात घेतलं. तोंड उघडलं आणि वर बघितलं. समोर फरशी बघणारं डोकं नव्हतं; बाईंचा चेहरा होता, चष्म्यामागचे दोन्ही डोळे होते. पहिल्याच अक्षराला त्याच्या मानेची शीर ताठ झाली. तो थांबला. कागद खाली ठेवू लागला.

बाईंना वाटलं, मान खाली घालावी. काय अवघड होतं त्यात? सवयही झाली होती. पण न विचारता तसं करणं म्हणजे पुन्हा त्याचं वाक्य आपणच पुरं करणं, असं त्यांच्या मनात आलं.

“बघू का तुझ्याकडे,” त्यांनी सरळ विचारलं, “की नको?”

कात्रीनं विचार केला. बाहेर कोणीतरी प्रिंटरला शिव्या देत होतं.

“ब... ब... बघा,” तो म्हणाला. “पण घाई करू नका.”

“मला कुठे जायचंय?” बाई म्हणाल्या आणि खुर्चीत नीट मागे टेकून बसल्या.

त्यानं वाचायला घेतलं. पहिलं वाक्य संपायला बराच वेळ लागला. बाई त्याच्याकडे बघत राहिल्या, शब्द पुढे न करता. वाक्य संपलं, तेव्हा त्यात त्यांना लिंगाची एक चूक सापडली, आणि ती त्यांनी त्याला सांगितली. त्याला ती चूक वाटली नाही. मग त्यावर त्यांचा वाद सुरू झाला, आणि तो दोघांनीही आपापल्या गतीनं घातला.